वंशावळ झाली, टाचणं झाली, आता कादंबरी कधी?

या वेळी आलेल्या पत्रांत पहिल्या कादंबरीबद्दलची पत्रं जास्त होती, आणि बहुतेक बडोद्यातूनच. त्यातली चार इथे घेतलीयत. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय, कारण त्यातली अडचण खूप जणांची आहे.

प्रश्न: मी बँकेतून रिटायर झालेय. दांडिया बाजारात आमचा जुना वाडा आहे. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते, वडील रेल्वेत, आणि आम्ही तिघं भावंडं. या तीन पिढ्यांवर कादंबरी लिहायचं कधीपासून मनात आहे. वंशावळ तयार केली, नातेवाईकांना विचारून वह्या भरल्या, सेंट्रल लायब्ररीत बसून टाचणं काढली, पण पहिलं पान काही लिहून होत नाही. माहिती अजून कमी पडतेय असंच वाटत राहतं. काय करू?

उत्तर: ताई, माहिती भरपूर झालीय, आता वह्या बंद करा. तुमच्याकडे माणसं आहेत, घर आहे, गाव आहे, काळ आहे, फक्त गोष्ट अजून ठरलेली नाही, आणि ती लायब्ररीत सापडणार नाही. वंशावळीतून कोण कुणाचा मुलगा ते कळतं, पण कुणाला काय हवं होतं, ते मिळवायला त्याने काय केलं, मध्ये कोण आडवं आलं हे कळत नाही, आणि कादंबरी त्याच्यावरच चालते.

म्हणून आधी एक माणूस निवडा. तीन पिढ्या येऊ देत, पण डोळे एकाचेच ठेवा. समजा मधली बहीण घेतली. वाडा बिल्डरला द्यायचा ठरलाय, दोन भावांच्या सह्या झाल्यात, हिची सही बाकी आहे आणि ही करत नाहीये. का करत नाही? पैसे कमी वाटतात म्हणून, आईला काही शब्द दिलाय म्हणून, की आजोबांच्या खोलीतल्या पेटीत काहीतरी सापडलंय म्हणून? याचं उत्तर ठरलं की आजोबांचा काळ आपोआप आत येतो, कारण आता त्याची गरज पडते. नाहीतर काय होतं, पहिली पन्नास पानं आजोबांचा जन्म, मुंज, लग्न, नोकरी असं क्रमाने लिहिलं जातं आणि वाचणाऱ्याला पुढे काय हा प्रश्नच पडत नाही. (हे उदाहरण नुसतं दाखवायला दिलं, तुमची गोष्ट तुमच्या घरातूनच यायला पाहिजे.)

मग एक तक्ता करा, एकच पान. डावीकडे साल, वर माणसांची नावं, आणि प्रत्येक चौकटीत त्या माणसाचं त्या सालचं वय. समजा आजोबा 1910 चे. मग 1939 च्या फेब्रुवारीत सयाजीराव महाराज गेले तेव्हा ते एकोणतीसचे. 1 मे 1949 ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा एकोणचाळीसचे, म्हणजे घरात मुलं शाळेत आणि ज्या सरकारची नोकरी ते सरकारच नाही राहिलं. 1 मे 1960 ला गुजरात वेगळं झालं तेव्हा पन्नासचे. मला तर हा तक्ता फार आवडतो, कारण तो भरता भरताच प्रसंग सुचायला लागतात. एकाच माणसाने खुर्ची न बदलता संस्थान, मुंबई राज्य आणि गुजरात अशा तिघांची चाकरी केली, आणि घरात रात्री जेवताना मराठीच बोलत राहिला, याच्यात केवढं काय काय आहे बघा! शिवाय तक्ता असला की 1949 मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा 1960 मध्ये पंधरा वर्षांचा अशा चुका होत नाहीत, आणि पहिल्या कादंबरीत त्या हटकून होतात.

प्लॅन म्हणून एवढंच पुरे: कोणाची गोष्ट, तिला काय हवंय, काय अडवतंय, आणि शेवटी सही होते की नाही. शेवट आधी ठरवाच. लिहिता लिहिता तो बदलला तर बदलू दे, पण ठरलेला असला की मधल्या शंभर पानांत, जिथे बहुतेक जण सोडून देतात, तिथे कुठे जायचंय ते माहीत असतं. याच्यावर मग वीस-पंचवीस प्रसंगांची यादी, एका प्रसंगाला एक ओळ. सगळे प्रसंग आत्ताच सुचले नाहीत तरी चालेल, पहिले पाच आणि शेवटचे दोन असले की बसा लिहायला. सुरुवातही पहिल्या प्रसंगापासूनच केली पाहिजे असं नाही, जो प्रसंग डोळ्यापुढे सगळ्यात लख्ख आहे तो आधी लिहा.

लिहिताना माहिती अडली, म्हणजे त्या वर्षी टांग्याचं भाडं किती होतं, ऑफिस किती वाजता सुटायचं, तर तिथे दोन फुल्या मारा आणि पुढे जा. उठून लायब्ररीत जाऊ नका. आपली सेंट्रल लायब्ररी 1910 पासून आहे, आणखी वर्षभर थांबेल. पेटीत मोडीतले कागद असतील तर ते वाचून घेण्याचं कामही पहिला ड्राफ्ट संपल्यावर, कारण तेव्हा तुम्हाला नेमकं काय शोधायचंय ते ठाऊक असेल. आणि मागचं प्रकरण सुधारत बसायचं नाही, पहिलं प्रकरण दहा वेळा लिहिलेली माणसं मला माहीत आहेत, दुसरं त्यांनी लिहिलंच नाही. ताई, पहिला ड्राफ्ट वाईट होणारच आहे. तो शेवटपर्यंत गेलेला असणं महत्त्वाचं, मग सुधारायला हातात काहीतरी असतं.

प्रश्न: मी मकरपुऱ्यात शिफ्टमध्ये काम करतो, वय चौतीस, घरी दोन लहान मुलं. लिहायला वेळ कधी काढायचा? आणि कादंबरी म्हणजे किती शब्द पाहिजेत?

उत्तर: छापील पानावर साधारण अडीचशे-तीनशे शब्द बसतात, म्हणजे दोनशे पानांची कादंबरी पन्नास हजारांच्या आसपास. पहिल्या वेळी एवढी पुष्कळ झाली. आता हिशोब करा, दिवसाला तीनशे शब्द, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे आठवड्याचे दीड हजार, आणि साधारण आठ महिन्यांत पहिला ड्राफ्ट पुरा. तीनशे शब्द म्हणजे मोबाइलवर केलेले दोन-तीन लांब मेसेज, तेवढे तर आपण सगळेच रोज लिहितो.

शिफ्टवाल्याने घड्याळाची वेळ ठरवू नये, ती दर आठवड्याला मोडते आणि मग मन खट्टू होतं. त्यापेक्षा ड्यूटीला धरून ठरवा, ड्यूटी सुटल्यावर घरात शिरायच्या आधी वीस मिनिटं, शिफ्ट कुठलीही असो. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर गूगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आहे, बोलून लिहा. विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ नंतर नीट करावं लागेल, पण संवाद तर बोलूनच चांगले येतात असा माझा अनुभव आहे. फक्त दोन गोष्टी पाळा. लिहाल ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या टायपिंगमध्ये; जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. आणि फाइलची एक कॉपी रोज स्वतःलाच ईमेल करा. फोन हरवला तर फोन पुन्हा घेता येतो, दोनशे पानं पुन्हा लिहायला फार जड जातं हो.

प्रश्न: आमच्या घरातली माणसं बडोद्याचं मराठी बोलतात, अर्धं वाक्य मराठी आणि अर्धं गुजराती. कादंबरीत तसंच लिहिलं तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळेल का? मैत्रीण म्हणते शुद्ध मराठीत लिही.

उत्तर: मैत्रिणीचं ऐकू नका. मांडवीजवळच्या पोळमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीत, वाढलेली आजी सदाशिव पेठेतल्यासारखी बोलायला लागली तर तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या मराठीला आपली आपली चव आहे आणि ती छापून फार कमी आलीय, मला याचं खरंच वाईट वाटतं. तुम्ही लिहाल तेव्हा ती भाषा कुठेतरी राहील.

फक्त लिहिताना थोडं भान हवं. निवेदन तुमच्या सरळ मराठीत ठेवा, मिसळ बोलण्यात येऊ दे. सगळेच सारखं मिसळत नाहीत, हे मात्र लक्षात घ्या. आजी भाजीवाल्याशी गुजराती बोलेल पण देवापुढे अजिबात नाही, नातू मित्राशी फोनवर अख्खं गुजराती बोलेल आणि रागावला की मराठीत येईल, गुजराती सून सासूशी मराठी बोलायचा प्रयत्न करेल आणि सासू तिला मुद्दाम गुजरातीत उत्तर देईल. कोण कोणाशी कुठली भाषा बोलतं यावरूनच घरातली नाती कळतात. गुजराती वाक्य आलं की पुढच्या माणसाच्या उत्तरातून अर्थ लागू दे, कंसात मराठी देऊ नका, वाचक हुशार असतो. आणि एक करून बघा, घरातल्यांना विचारून एखाद्या रविवारी जेवताना पंधरा मिनिटं रेकॉर्डिंग करा आणि ते शब्दाला शब्द उतरवा. माणसं वाक्य कुठे तोडतात ते तुम्हाला एका बसणीत कळेल.

प्रश्न: माझी कादंबरी पूर्ण झालीय. एका प्रकाशकाने फोनवर सांगितलं की छापतो, पण खर्च तुम्ही द्या, आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे वेगळे. पैसे द्यावेत का?

उत्तर: आधी एक सांगते, आयएसबीएनला भारतात पैसे लागत नाहीत. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून तो फुकट मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही. तेव्हा त्याचे पैसे मागणाऱ्याला हे जरूर सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही, पण मग ते छपाईचं काम आहे असं समजूनच करा. किती प्रती, कागद कुठला, मुद्रितशोधन कोण करणार, प्रती कोणाच्या ताब्यात राहणार, विकल्या तर पैसे कसे वाटायचे, आणि हक्क कोणाकडे, हे सगळं लेखी घ्या. हक्क कायमचे लिहून देऊ नका. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, त्याप्रमाणे लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं हक्क टिकतो, म्हणजे सही करताना तुम्ही नातवंडांचंही देऊन टाकत असता.

पण माझं मत विचाराल तर आत्ता लगेच कोणालाच पैसे देऊ नका. हस्तलिखित महिनाभर बाजूला ठेवा, मग प्रिंट काढून मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. नात्यातले नसलेले दोन वाचक शोधा, आणि त्यांना आवडलं का असं विचारू नका, कुठे कंटाळा आला ते विचारा. तेवढं दुरुस्त करून तीन-चार प्रकाशकांना पाठवा, सोबत एका पानाचा सारांश आणि पहिली दोन प्रकरणं. उत्तराला काही महिने लागतात. मधल्या काळात एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहत असेल तर दिवाळी अंकाला पाठवा, पण उन्हाळ्यातच, अंकांची जुळवाजुळव फार लवकर सुरू होते.