सुरुवातीच्या मेथडिस्ट गीतांत आत्म्यासाठी कोणती रूपकं येतात आणि ती कशी वाचावीत?

आधी एका शब्दाची गाठ सोडवू. मेथडिस्ट म्हणजे जॉन आणि चार्ल्स वेस्ली या भावांनी अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू केलेला ख्रिस्ती पंथ. त्याच्या गीतांतला 'सोल' म्हणजे उपनिषदांतला अविकारी आत्मा नव्हे. मराठी बायबलच्या १०३व्या स्तोत्रात कवी स्वतःलाच 'हे माझ्या जिवा' अशी हाक मारतो, तो जीव इथे आहे. तो घाबरतो, थकतो, बुडतो. 'आत्मा' धरून वाचलंत तर ही गीतं लिहिणाऱ्या चार्ल्स वेस्लीची (१७०७–१७८८) निम्मी रूपकं विसंगत वाटतील.

रूपक दिसलं की दोन गोष्टी शोधा: बायबलमधला प्रसंग कोणता, आणि क्रियापद कोणाचं.

'अँड कॅन इट बी' (१७३९) मध्ये जीव कैदी आहे. प्रसंग प्रेषितांची कृत्ये १२:७ मधला: येशूचा शिष्य पेत्र याच्या कोठडीत उजेड पडतो आणि हातांतल्या साखळ्या गळून पडतात. गीतातला क्रम बघा. पडून होतो, किरण आला, जागा झालो, बेड्या गळाल्या, मग उठलो, बाहेर निघालो, मागोमाग चाललो. कैदी स्वतः बेड्या तोडत नाही. आधी कृपा, मग माणसाचं पाऊल, ही वेस्ली बंधूंची शिकवण क्रियापदांच्या या रांगेतच बसवली आहे.

सर्वांत गुंतागुंतीचं गीत 'जीझस, लव्हर ऑफ माय सोल' (१७४०). 'जिवांवर प्रेम करणारा' हे संबोधन 'विज्डम ऑफ सॉलोमन' (११:२६) या ग्रंथातलं. प्रॉटेस्टंट मराठी बायबलमध्ये तो नसतो, म्हणून शोधूनही सापडत नाही. पहिल्या कडव्यात वादळ आणि बंदर आहे, दुसऱ्यात आधाराला लोंबकळणारा जीव आणि पंखाची सावली. इथे बहुतेकांची चूक होते: सगळं गीत जहाजाचं रूपक धरतात आणि पंख कुठून आला ते कळत नाही. खरा धागा पाण्याचा आहे. सुरुवातीला पाणी बाहेरून अंगावर येतं, शेवटच्या कडव्यात तेच झरा होऊन हृदयातून उसळतं (योहान ४:१४). मधला दुवा तिसऱ्या कडव्यात आहे: 'मी बुडतोय, हात दे', म्हणजे पाण्यावर चालताना बुडू लागलेला पेत्र (मत्तय १४). नेमकं हेच कडवं बहुतेक गीतपुस्तकांतून गळलेलं असतं. म्हणून पाच कडव्यांचा मूळ पाठच घ्या. जॉन वेस्लीच्या १७८०च्या ५२५ गीतांच्या संग्रहात तो शोधू नका. त्यात हे गीतच घेतलेलं नाही.

'ओ दाऊ हू केमस्ट फ्रॉम अबव्ह' (१७६२) मध्ये हृदय ही साधीशी वेदी आहे. अग्नी वरून येतो, तो विझू न देणं आणि फुलवत राहणं हे माणसाचं काम (लेवीय ६:१३, २ तीमथ्य १:६). 'न विझणारी' या अर्थाचा सहा सिलॅबलचा (उच्चारखंडांचा) एकच शब्द आठ सिलॅबलच्या ओळीत बसवलाय. ती ओळ म्हणताना घाई करता येत नाही. मला हे चार्ल्स वेस्लीचं सर्वांत नेमकं शब्दकाम वाटतं.

'अ चार्ज टू कीप आय हॅव' (१७६२) वेगळं आहे. इथे न मरणारा जीव वाचवणं आणि स्वर्गासाठी तयार करणं ही माणसावर सोपवलेली कामगिरी आहे. आधार लेवीय ८:३५, दर्शनमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) दाराशी सात दिवस थांबलेल्या याजकांचा. गीताच्या शेवटी येणारी कायमच्या मरणाची धास्तीही तिथलीच: मरू नये म्हणून त्यांना तो पहारा सांभाळायला सांगितला होता.