तू पाठवलेले १,८४६ रुपये

अनेक आशीर्वाद.

तू खोलीवर पोहोचल्याचा निरोप यायच्या आधी तुझे पैसे आले. १,८४६ रुपये. तुझ्या तापात मी केलेल्या खर्चाचे: रिक्षाचे, रक्ततपासणीचे, औषधांचे, शहाळ्यांचेसुद्धा. खाली लिहिलं होतंस, ‘बाई, हिशोब क्लिअर. कुणाचे उपकार अंगावर ठेवायला मला आवडत नाही.’ तुझा प्रामाणिकपणा मी पाचवीपासून ओळखते, त्यामुळे राग आला नाही. पण वाईट वाटलं. का वाटलं ते दोन दिवस शोधत होते. सापडलं तसं लिहिते आहे.

माझ्याकडे तापात पडल्या पडल्या तू दोन गोष्टी बोललीस. ऑफिसातली मैत्रीण तुझ्याकडून कामं करून घेते आणि तुझ्या वेळेला तिचा पत्ता नसतो, ही एक. आणि म्हणून यापुढे कुणाकडून घ्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, असं तू ठरवलं आहेस, ही दुसरी. दुखणं खरं आहे गं. त्यावर तू काढलेलं औषध मात्र मला दुखण्यापेक्षा वाईट वाटतं.

माझं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, भाताच्या मुलखात. आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, सावडीने व्हायची. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या, परवा तिच्या. माणसामागे माणूस आणि दिवसामागे दिवस. हिशोब चोख. कुणाच्या घरून किती जणी आल्या आणि किती दिवस आल्या, हे वही न ठेवता सगळ्या बायकांना पाठ असे. दुसरा प्रकार इर्जिकीचा. एखाद्या घरावर वेळ आली तर गाव औतं घेऊन जायचं आणि एका दिवसात काम उरकून द्यायचं. बदल्यात त्या दिवसाचं जेवण, बाकी काही नाही. सावडीचे दिवस मोजत, इर्जिकीचे कुणी मोजत नसे.

मी सातवीत असताना ऐन आषाढात वडिलांचा पाय मोडला. रोपं उपटायला आली होती आणि भाताचं रोप कुणासाठी थांबत नाही. वाफ्यात जास्त दिवस राहिलं की पुढे फुटवे कमी धरतं. आई रात्रभर ओटीवर बसून असायची. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सात बैलजोड्या आमच्या बांधावर उभ्या! पुढे चिखलणीची औतं, मागे इरली घेतलेल्या बायका वाकून दोन-तीन बोटांनी रोपं रोवत चाललेल्या. मला रोपांच्या मुठी फेकायचं काम होतं. पाऊस इतका की शेजारचं माणूस आवाजावरून ओळखावं लागे. दिवस मावळायला शेवटचं खाचर लावून झालं.

दिवाळीनंतर भात झोडून झाल्यावर आईने पायली-पायली तांदूळ बांधले आणि ज्या घरांतून औतं आली होती तिथे पोचते करायला मला पाठवलं. पहिल्या दोन घरांनी मुकाट्याने ठेवून घेतले. तिसऱ्या घरातल्या काकीने पिशवी सोडली, तांदूळ हातात घेऊन पाहिले, परत पिशवीत घातले, वर ओंजळभर वाल टाकले आणि म्हणाली, “आईला सांग, फेडायला नको येऊस. आमच्या आवणीला ये.” मी पिशवी घरी आणली तेव्हा आई कितीतरी वेळ त्या वालांकडे बघत राहिली. पुढच्या आषाढात ती काकीच्या खाचरात सगळ्यांच्या आधी उतरली होती.

गाव फार गोड होतं असं मात्र समजू नकोस. त्याच गावात काही घरांचे हात चिखलात चालत आणि पंगतीला त्यांना वेगळं बसवत. भाऊबंदकीतल्या घरावर अशी वेळ आली असती तर सात जोड्या आल्या असत्या का, मला खात्री नाही. ‘आपलं’ कुणाला म्हणायचं याची कुंपणं फार जुनी आहेत. ती मोडायचं काम माझ्या पिढीकडून पुरं झालेलं नाही, तुझ्यासाठी बरंच शिल्लक आहे.

काकीला जे आतून कळत होतं, त्यावर पुढे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. अविवाहित तरुणांना एका तरुणीबरोबर काम दिलं. काहींना असं भासवलं की ती इथे नवी आहे, तिला ओळखी करून घ्यायच्या आहेत. काहींना कळू दिलं की तिला न्यायला तिचा नवरा येणार आहे. तरुणाने मदत केली की ती कधी नुसते आभार मानायची, कधी आभारांबरोबर लगेच परतफेडही करायची. जिथे ओळख वाढायची आशा नव्हती तिथे परतफेड करणारी जास्त आवडली. जिथे आशा होती, तिथे त्याच परतफेडीने ती कमी आवडली.

तुझे १,८४६ रुपये बघून मला जे टोचलं ते हेच होतं. रोजंदारीवर आलेल्या माणसाला संध्याकाळी पैसे मोजून द्यावेतच, ते त्याचं हक्काचं असतं. माझी रोजंदारी तू परस्पर ठरवलीस.

तुझ्या आजीला विचार, शेजारणीची वाटी घरात आली की ती रिकामी का परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. आलेलं पिठलं आणि गेलेली साखर यांची किंमत सारखी नसते, ती सारखी करायचा कुणी प्रयत्नही करत नाही. आहेर ५०१ चा असतो, वर एक रुपया का? मला त्याचा अर्थ असा लागतो की हिशोब गोल आकड्यावर येऊन थांबू नये, पुढच्या लग्नापर्यंत काहीतरी शिल्लक राहावं. तुम्ही मुलं ज्याला ओझं म्हणता ते थोडं थोडं सगळ्यांच्या अंगावर असतं, म्हणून तर लोक एकमेकांच्या दारात जातात.

आता सांभाळायचं ते सांगते, कारण सगळ्या वाट्या काकीच्या नसतात. डेनिस रीगन यांचा १९७१ चा प्रयोग आहे. दोघे जण चित्रं बघून मत देत बसलेले. मध्यंतरात त्यातला एक, जो मुळात प्रयोगवाल्यांचाच माणूस, बाहेर जाऊन स्वतःसाठी आणि दुसऱ्यासाठी कोक घेऊन येतो. थोड्या वेळाने म्हणतो, माझी सोडतीची तिकिटं घेतोस का? कोक प्यायलेल्यांनी जवळजवळ दुप्पट तिकिटं घेतली. तो माणूस त्यांना आवडला होता की नव्हता, याने फरक पडला नाही. न मागता आलेल्या गोष्टीमागोमाग ठरावीक मागणी आली, तर तो गळ समज. तिथे नाही म्हणताना मन खाऊ देऊ नकोस.

आणि तुझी मैत्रीण. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी संगणक-प्रोग्रॅमांची एक स्पर्धा भरवली. प्रत्येक डावात समोरच्याला साथ द्यायची की दगा, एवढंच ठरवायचं, आणि त्यावर गुण मिळायचे. पहिल्या फेरीला १४ प्रोग्रॅम आले, दुसऱ्या फेरीला ६२. दोन्ही वेळा जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांचा अगदी छोटा प्रोग्रॅम. पहिल्या डावाला साथ द्यायची, पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच करायचं. मला यातली एक गोष्ट फार आवडते. हा प्रोग्रॅम समोरासमोरच्या सामन्यात कुणाच्याही पुढे जाऊच शकत नाही, फार तर बरोबरी करतो. सगळ्यांशी मिळून झालेली बेरीज मात्र त्याची सर्वांत मोठी. पण त्याच्यात एक खोटही आहे. असे दोन खेळाडू समोर आले आणि चुकून एकाकडून दगा झाला, की ते एकमेकांवर सूड उगवत राहतात. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड यांनी १९९२ मध्ये दाखवलं की जिथे चुका होतात तिथे मधूनमधून माफ करणारा खेळाडू पुढे जातो. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेली घरं मी पाहिली आहेत. पहिली चूक कुणाची होती हे त्यांनाही आठवत नाही.

म्हणून पुढच्या वेळी तिचं काम घेऊ नकोस आणि का घेत नाहीस ते तिला तोंडावर सांग. मनात धरून गप्प बसलीस तर तिला कळणारच नाही. ती सुधारली तर मागचं काढू नकोस. नाही सुधारली तर सावड मोडली असं समज आणि सोडून दे. पण तिच्या एकटीसाठी साऱ्या गावाशी व्यवहार बंद करायचा?

मागायची तुला लाज वाटते, हे मला माहीत आहे. चार दिवस अंगात ताप घेऊन तू पीजीच्या खोलीत पडून होतीस आणि मला कळलं ते तुझ्या आईकडून. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक (बोन्स) यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना अनोळखी लोकांकडून प्रश्नावली भरून आणायला सांगितलं होतं. पाच जणांनी हो म्हणावं म्हणून किती जणांना विचारावं लागेल, याचा अंदाज त्यांनी साधारण वीसचा दिला. प्रत्यक्षात दहा-अकरा पुरले. माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर हो म्हणतात. तू विचारलंच नाहीस.

पैसे परत पाठवत नाही, तुझा मान राहू दे. पण माझं एक काम आहे. नोव्हेंबर लागला, पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा आहे. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मध्येच अडकला. रविवारी येऊन करून देशील का? तुझा स्टीलचा डबा इथेच राहिला आहे. त्यात नाचणीचे लाडू भरून ठेवलेत. अशक्तपणा जाईपर्यंत रोज एक खा.

तुझ्या,
बाई