गॅप इयरला परदेशात संशोधन करायचंय? आधी चालू असलेलं काम शोधा

ताई, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. लेक मे महिन्यात अमेरिकेत पदवीधर होतेय, एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) झालीय, जूनमध्ये मेडिकल स्कूलचे अर्ज जातील. मधलं वर्ष तिला परदेशात, जमलं तर पुण्यात किंवा युरोपात, संशोधनात घालवायचंय. भरपूर प्राध्यापकांना ईमेल गेल्यात आणि कुणाचंच उत्तर नाही. मी इथल्या एका विद्यापीठात क्लिनिकल रिसर्चच्या भरतीचं काम बघतो, त्यामुळे अशा ईमेल माझ्याही इनबॉक्सात पडतात.

उत्तर न येण्याचं कारण बहुतेक वेळा हुशारी कमी पडणं हे नसतंच. मुलं लिहितात, "मला ग्लोबल हेल्थची आवड आहे, मला संधी द्या." वाचणाऱ्याच्या डोक्यात वेगळंच गणित चालू असतं: ही येणार, दहा महिन्यांत जाणार, तेवढ्यात माझं कोणतं काम पुढे सरकेल? माणसांवरचा नवा अभ्यास सुरू करायचा म्हणजे आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची मंजुरी, आणि त्यातच कित्येक महिने जातात. भारतात परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असेल तर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीचीही मंजुरी लागते. म्हणून "माझी एक कल्पना आहे" हे वाक्य या वर्षापुरतं विसरायला सांगा. मंजुरी मिळालेला, पैसे असलेला, सध्या चालू असलेला अभ्यास शोधायचा आणि त्यातलं एखादं रखडलेलं काम अंगावर घ्यायचं.

असे अभ्यास सापडतात कुठे? क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या वैद्यकीय अभ्यासांच्या नोंदणी साइटवर देश निवडून, सध्या रुग्ण भरती चालू असलेले अभ्यास वेगळे काढता येतात. एनआयएच, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी अमेरिकी सरकारी संस्था; तिच्या रिपोर्टर या साइटवर कोणत्या प्रकल्पाला किती अनुदान आहे आणि ते कधी संपतंय हे दिसतं. पण त्याआधी तिने स्वतःच्या विद्यापीठातले प्राध्यापक चाळावेत. ज्यांचं काम आधीच परदेशात चालू आहे, त्यांच्यामार्फत जाणं सगळ्यात सोपं. पुण्याचंच उदाहरण घ्या: बी. जे. मेडिकल कॉलेज आणि जॉन्स हॉपकिन्स यांचं एकत्र संशोधन वर्षानुवर्षं चालू आहे. फक्त एक विचारून घ्या. २०२५ मध्ये एनआयएचने परदेशी संस्थांना सबअवॉर्डमधून (अमेरिकी संस्थेच्या अनुदानातला पुढे दिलेला हिस्सा) पैसे देण्याची जुनी पद्धत थांबवली, तेव्हा "तिकडच्या साइटचे पैसे चालू आहेत ना?" हा प्रश्न आता उद्धट वाटत नाही.

पुण्याबद्दल अजून दोन गोष्टी. तिला मराठी नीट बोलता येत असेल तर ते सीव्हीच्या तळाशी कशाला? पहिल्या परिच्छेदात यायला हवं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरचं वढू गावातलं काम घ्या किंवा बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेचं गडचिरोलीतलं. तिथे माहिती घराघरांतून गोळा होते. अंगणात बसून आजीबाईंशी बोलू शकणारी आणि संध्याकाळी तोच डेटा 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये साफ करणारी मुलगी रोज मिळत नाही. ('आर' किंवा तसलंच स्टाटा येत नसेल तर मेपर्यंत शिकून घेऊ दे. माहिती भरायचं रेडकॅप आठवडाभरात येतं.)

दुसरी गोष्ट ओसीआयची (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड), आणि इथे भलेभले गाफील राहतात. ओसीआय आहे म्हणजे काहीही करता येतं असं नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकांना भारतात संशोधन करायला विशेष परवानगी लागते. संस्थेचं पत्र आल्याबरोबर ती प्रक्रिया सुरू करा. "आजोळी राहतेय, कोण विचारतंय" हा सल्ला देणारे नातेवाईक भेटतीलच, त्यांना चहा पाजा आणि सोडून द्या.

युरोपात व्हिसाच खरा अडसर ठरतो. त्यात आयर्लंडची सोय फारशी कुणाला माहीत नसते. अमेरिकन नागरिक शिकत असेल किंवा गेल्या १२ महिन्यांत पदवीधर झाला असेल, तर तिथे वर्षभरासाठी वर्किंग हॉलिडेची परवानगी मिळते. मग डब्लिनमधल्या विद्यापीठाला तिच्यासाठी व्हिसाची खटपट करावी लागत नाही, आणि हे तिने ईमेलमध्येच सांगून टाकावं. ऑस्ट्रेलियातही १८ ते ३० वयासाठी असा व्हिसा आहे, पण एका मालकाकडे साधारणपणे सहाच महिने काम करता येतं.

फुलब्राइट, म्हणजे परदेशात जायची अमेरिकी सरकारची शिष्यवृत्ती, या वर्षासाठी गेलं. त्याची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात असते. जर्मनीचं राइज (संशोधन इंटर्नशिप) पदवी चालू असलेल्यांसाठीच आहे, त्यामुळे तेही नाही. जपानमध्ये ओकिनावाच्या ओआयएसटी या विज्ञान विद्यापीठाची रिसर्च इंटर्नशिप काही महिन्यांची असते, राहण्याची सोय आणि भत्ता मिळतो. वर्षातला अर्धा भाग तिथे काढायला हरकत नाही, पण तिथे काम मूलभूत विज्ञानाचं, रुग्ण नाहीत.

पैसे घेऊन "हॉस्पिटलमध्ये अनुभव" देणाऱ्या कंपन्यांपासून मात्र लांब राहा. प्रशिक्षण नसलेल्या मुलांच्या हातात टाके घालायची सुई देणारे कार्यक्रम आहेत, आणि अशा गोष्टींबद्दल एएएमसीने (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना) २०११ पासून लेखी सावध केलंय. अर्जात ते फुशारकीने लिहिलं तर मुलाखतीत उलट अंगावर येतं.

वेळापत्रकही बघा. जुलै-ऑगस्टमध्ये सेकंडरी निबंधांचा (मूळ अर्जानंतर प्रत्येक मेडिकल स्कूल वेगळे मागतं ते) मारा असतो, म्हणून शक्यतो सप्टेंबरात निघू दे. मुलाखती बहुतेक ऑनलाइन असतात, पण पुण्यात त्या रात्री येतील आणि इंटरनेट चांगलं असायला हवं. अमेरिकी सरकारचं (फेडरल) शैक्षणिक कर्ज असेल तर पदवीनंतर ६ महिन्यांनी हप्ते सुरू होतात, म्हणजे नेमके ती तिकडे असताना. तुमच्या आरोग्य विम्यात ती २६ वर्षांची होईपर्यंत राहू शकते, तरी परदेशात तो किती चालतो ते कंपनीकडून लेखी घ्या.

होकार आला की तिने तीनच गोष्टी विचाराव्यात: एथिक्सच्या मंजुरीत माझं नाव कधी जाईल, रोजच्या कामात मला कोण बघेल, आणि भत्ता कोण देईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "सगळेच बघतील" असं आलं तर तिथे जाऊ नये. मोठ्या प्राध्यापकांऐवजी रिसर्च पेपरवरच्या पहिल्या लेखकाला लिहिलं तर उत्तर लवकर येतं, तोच बिचारा डेटात बुडालेला असतो.

ईमेलचा मसुदा नाव-फोन काढून इथे टाकलात तर बघून देईन. पण तो तिने लिहिलेला हवा, तुम्ही लिहिलेला नको. ओळखू येतं.