सकाळी बाहेर पडून बघायचं तरी काय?

प्रश्न : ताई, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी डिसेंबरपासून रोज सकाळी कॉलनीत चकरा मारून राहिली. सगळे म्हणतात नागपूरची थंडी म्हणजे काय मस्त, मला तर तीच घरं आणि त्याच गाड्या दिसतात. बघू तरी काय?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : अगं, एक दिवस चकरा मोजूच नको. गवत दिसलं की थांब आणि खाली वाक, उभ्याने काही दिसत नाही. पात्याच्या अगदी टोकाला एक गोल थेंब लोंबत असतो ना, त्याला आपण दव म्हणतो, पण पुष्कळदा तो गवतानेच बाहेर सोडलेला असतो, रात्रभर मुळांनी ओढलेलं पाणी तिथून निघतं. खरं दव म्हणजे पात्यावर सगळीकडे बसलेला बारीक पांढुरका थर, बोट फिरवलं की खालून हिरवी रेघ निघते. मला हे कळलं तेव्हापासून मी रोज वाकून बघते, आज टोकाला आहे की अंगभर.

मग कान दे. अजनी स्टेशनकडून रेल्वेगाडीचा भोंगा दुपारी कधी ऐकू येतो का तुला? पहाटे अगदी मागच्या गल्लीतून आल्यासारखा येतो, कारण जमिनीजवळची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता परत खाली वळतो. चहाच्या टपरीजवळ शेकोटी पेटवतात तिचा धूरही म्हणूनच थोडा वर जाऊन आडवा पसरतो, ते तर पाच मिनिटं बघत उभं राहावं असं असतं.

आणि फार लवकर निघू नको. सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि सगळ्यात जास्त गारठा तेव्हाच असतो, आदल्या रात्री बारा वाजता नाही. २०१८ च्या २९ डिसेंबरला पारा ३.५ अंशांवर आला होता, त्या सकाळी मी गच्चीच्या पत्र्यावर हात ठेवला आणि भाजल्यासारखा मागे घेतला, अजून तळहाताला आठवतं.

येताना एक संत्रं घे. ताजं साल कोवळ्या उन्हासमोर धरून दुमड, तेलाचा इतका बारीक फवारा उडतो की क्षणभर धुकं चमकल्यासारखं वाटतं. फक्त डोळ्यांपासून लांब धर, फार झोंबतं.