१४ वर्षांच्या मुलाच्या पाठीला पोक आलंय, व्यायामाने सरळ होईल का?

पोक कोणत्या प्रकारचं आहे यावर ते अवलंबून आहे, आणि त्याचा अंदाज घरीच घेता येतो. तुम्ही लिहिलंय की मुलगा वर्षभरात भराभर उंच झाला, मान पुढे काढून चालतो, ‘सरळ बस’ म्हटलं की दोन मिनिटं बसतो आणि मग पुन्हा तसाच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. या वयाच्या मुलांचे बहुतेक पालक हेच सांगत येतात.

त्याला शर्ट काढून पालथं झोपवा आणि हात न टेकता छाती जमिनीपासून थोडी उचलायला सांगा. तुम्ही बाजूने बघा. पाठीची गोलाई सपाट झाली तर पोक सवयीचं आहे, ते व्यायामाने चांगलं सुधारतं. मग उभं राहून गुडघे न वाकवता खाली वाकायला सांगा. पाठ एकसारखी गोल दिसली तर ठीक. मध्येच एका जागी टोकदार उंचवटा दिसला आणि पालथं झोपूनही तो जात नसेल, तर शॉयरमन आजाराची शक्यता तपासून घ्यायला हवी. डेन्मार्कच्या होल्गर शॉयरमन यांनी १९२० मध्ये त्याचं वर्णन केलं. यात वाढीच्या वयात मणक्यांची पुढची बाजू मागच्यापेक्षा कमी वाढते आणि मणके पाचरीसारखे होतात. उभं राहून बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये लागोपाठ ३ मणके प्रत्येकी ५ अंश किंवा जास्त पाचरीसारखे दिसले की निदान होतं. वरच्या पाठीला साधारण २० ते ४५ अंशांची गोलाई सगळ्यांनाच असते, त्यामुळे थोडी गोल पाठ पाहून घाबरू नका.

आता व्यायाम. पाठीचे स्नायू कमजोर आहेत म्हणून लोक थेट ताकदीचे व्यायाम सुरू करतात. पण छातीचे स्नायू आखडलेले आणि वरची पाठ कडक असेल तर मुलगा मागे वाकतो तो फक्त कंबरेतून. म्हणून आधी मोकळं करा. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती शोल्डर ब्लेडच्या खालच्या टोकाच्या पातळीवर आडवी ठेवायची, तिच्यावर उताणं झोपायचं, गुडघे वाकवलेले, हात डोक्याखाली. श्वास सोडत पाठ गुंडाळीवरून मागे सैल सोडायची, मग गुंडाळी दोन बोटं वर सरकवून पुन्हा. ती खाली कंबरेपर्यंत मात्र न्यायची नाही. नंतर दाराच्या चौकटीला हात टेकून छातीचा ताण, ३० सेकंद, दोन-तीनदा. मांडीच्या मागचे स्नायूही या मुलांचे बहुधा आखडलेले असतात, त्यांनाही ताण द्या.

ताकदीसाठी माझा आवडता व्यायाम भिंतीचा. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, पाठ आणि डोकं भिंतीला, हात कोपरात वाकवून भिंतीला टेकवलेले, आणि तसेच हळूहळू वर-खाली सरकवायचे. दिसायला सोपा आहे, पण पहिल्याच दिवशी मुलं कुरकुरतात. इथे लबाडी एकच होते. हात भिंतीला टेकावेत म्हणून बरगड्या पुढे येतात आणि कंबर कमानीसारखी सुटते. कंबरेमागे तुमचा पंजा जेमतेम जाईल एवढीच जागा हवी. हात टेकत नसतील तर न टेकू देत. त्यानंतर पालथं झोपून, कपाळ घडी केलेल्या टॉवेलवर, हात तिरके पुढे, अंगठे छताकडे, हात दोन-तीन इंच उचलून ५ सेकंद धरायचे, ८ ते १० वेळा. रबर बँड मागे ओढणं आणि हनुवटी मागे सरकवणं हेही जोडा. एकूण पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. महिन्यातून एकदा बाजूने फोटो काढून ठेवा. तो नुसताच छाती आणि दंडाचा जिम करत असेल तर ओढायचे व्यायाम दुप्पट करायला सांगा.

पाठ सरळ ठेवणारे पट्टे ऑनलाइन विकत मिळतात, त्यात पैसे घालवू नका. पट्टा काढला की खांदे पुन्हा पुढे. आणि दिवसभर ‘सरळ बस’ म्हणणं बंद करा, त्याने पोरं फक्त चिडतात. (उंच मुली तर बऱ्याचदा लाजेने वाकतात, तिथे टोकणं उलटंच पडतं.) दर अर्ध्या तासाने उठायला लावणं जास्त उपयोगाचं.

शॉयरमन निघाला तरी व्यायाम सोडायचे नाहीत. दुखणं आणि कडकपणा कमी होतो, पण पाचरीसारखे झालेले मणके नुसत्या व्यायामाने पूर्ववत होत नाहीत. वाढ बाकी असेल आणि वक्रता ५०-५५ अंशांच्या पुढे गेली असेल, तर ऑर्थोपेडिक डॉक्टर ब्रेसचा (पाठीला बाहेरून आधार देणाऱ्या कडक साच्याचा, ऑनलाइन पट्ट्याचा नव्हे) विचार करतात. तो निर्णय वाढ संपायच्या आत व्हावा लागतो, म्हणून पालथं झोपूनही न जाणाऱ्या कडक पोकासाठी ‘सहा महिने व्यायाम करून बघू’ असं म्हणत थांबू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप किंवा वजन घटणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा.