सूड देवावर सोपवला, मग अपील करावं का?

प्रश्न: चुलतभावाने फेरफार करून सातबाऱ्यावरून माझं नाव उडवलं. न्याय देवावर सोडा, असं आमच्या चर्चचे पाळक म्हणतात. अपील करणं अविश्वास ठरेल का?

उत्तर: मुळीच नाही. रोमकरांस पत्रात (१२:१९) मनाई आहे ती सूड उगवायला. ते लिहिणाऱ्या पौलानेच कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५:११). रागही गिळू नका. ३५वं स्तोत्र मोठ्याने वाचा: वैरी आजारी असताना मी उपास केला, मी अडखळताच ते खूश झाले, अशी सरळ कागाळी आहे त्यात!

मात्र प्रार्थनेच्या नावाखाली मुदत घालवू नका. मंजूर फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे (उपविभागीय अधिकारी) ६० दिवसांत अपील करा, फेरफाराची प्रमाणित नक्कल जोडून. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज सोबत द्या. मालकीचा वाद मात्र दिवाणी न्यायालयातच सुटतो.