फक्त कायदा केल्याने समाज बदलतो का?

नाही. पण कायद्याशिवायही बदलत नाही, आणि महाडचं चवदार तळं याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे.

1923 साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर प्रश्न मिटला होता! तरी 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा त्या लोकांना मारहाण झाली. तळं ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या.

मग विरोधक कोर्टात गेले. तळं खासगी आहे, रूढी जुनी आहे, असा त्यांचा दावा. डिसेंबरमध्ये अस्पृश्यांनी तळ्यावर जाण्याला मनाईहुकूम आला, तेव्हा आंबेडकरांनी पुन्हा पाणी घेण्याचा ठरलेला सत्याग्रह थांबवला आणि खटला लढवला. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, कारण चिडलेल्या लोकांना थोपवणं सोपं नसतं. हायकोर्टाचा निकाल 1937 मध्ये लागला, अस्पृश्यांच्या बाजूने.

पुढे 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत आंबेडकर म्हणाले, की संविधानिक नीतिमत्ता, म्हणजे संविधानाचा मान राखून वागण्याची वृत्ती, ही नैसर्गिक भावना नाही, ती जोपासावी लागते. कायदा हक्क देतो. तो वापरणाऱ्याच्या पाठीशी शेजारीपाजारी उभे राहतात की नाही, हे कुठलंही कलम ठरवू शकत नाही.